गिरणगावची गॅलरी आणि टोळीचे जाळे

मुंबईतील संघटित गुन्हेगारीचा इतिहास आपण बहुधा माणसांच्या नावांनी सांगतो. तो जागांच्या नावांनी सांगून पाहिला, तर निराळा दिसू लागतो. सोन्याच्या आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात बंदराने आणि किनाऱ्याने तस्करी पोसली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टीला आडवळणाच्या, दलदलीच्या जागा हव्या होत्या. त्या धारावीच्या खाडीकाठी मिळाल्या. गिरणगावाने मात्र माल पुरवला नाही. त्याने माणसे पुरवली.

बेकायदा धंद्यातला करार कागदावर होत नाही आणि फसवणुकीची फिर्याद न्यायालयात नेता येत नाही. साहजिकच सारी भिस्त ओळखीवर असते. चाळीत ती ओळख आयती होती. एकच गॅलरी, एकच नळ, कोकणातून वा घाटावरून आलेले गाववाले, खानावळ, तालीम! कोण कोणाचा, हे सर्वांना ठाऊक असे. आणि परका माणूस जिना चढू लागला की वरपर्यंत वर्दी पोहोचे. भायखळ्याची दगडी चाळ पुढे टोळीचा गड ठरली, त्यात या रचनेचा वाटा होता.

परंतु येथे थांबलो, तर आपण गिरणगावावर अन्याय करू. १९२८ चा प्रदीर्घ संप तगला तो याच शेजाराच्या आणि गाववाल्यांच्या बळावर. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात वस्तीतल्या 'दादा'चे स्थान उलगडून दाखवले आहे. हा दादा संपाच्या काळात मालकांना हवा असे, तसाच कामगार पुढाऱ्यांनाही. म्हणजे भूगोल जाळे विणतो. त्या जाळ्यातून काय वाहावे, हे तो ठरवीत नाही.

ते ठरवले अर्थकारणाने. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. असंख्य घरांतली नोकरी गेली. ओळखी तेवढ्या उरल्या. त्या ओळखींना नवे गिऱ्हाईक मिळाले.

जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) या संदर्भात पुन्हा वाचावेसे वाटते. चाळीतल्या त्या एकाच घरातला एक मुलगा लेखक होऊ पाहतो, तर दुसरा गुंडगिरीकडे वळतो. खोली तीच, गॅलरीही तीच. मग वाटा का फुटल्या, हा प्रश्न इतिहासकाराइतकाच साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे.