डॉकबुक

संगणकाच्या आज्ञावलींविषयीच्या माहितीपुस्तिका लिहिण्यासाठी प्रचारात आलेली एक चिन्हांकन पद्धती. मजकूर कसा दिसावा हे न सांगता तो कोणत्या स्वरूपाचा आहे, एवढेच या पद्धतीत खुणांनी दर्शवितात. उदा., एखादा शब्द जाड ठशात छापावा असे न लिहिता तो संगणकाला द्यावयाची आज्ञा आहे किंवा फाइलीचे नाव आहे, असे नोंदवितात. एकाच मूळ संहितेतून छापील ग्रंथ व पडद्यावरील पृष्ठे अशी दोन्ही रूपे मिळावीत आणि ती कोणत्याही संगणकावर तयार करता यावीत, हा या पद्धतीचा हेतू होय. यांपैकी पहिली गोष्ट लवकर साध्य झाली. दुसरीसाठी दीर्घकाळ खटपट करावी लागली.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत यूनिक्स या कार्यप्रणालीच्या माहितीपुस्तिका संगणकावरच जुळविल्या जात. त्यासाठी जोसेफ ओसाना यांनी ट्रॉफ ही आज्ञावली रचली. ती प्रारंभी एका विशिष्ट छायाजुळणी यंत्रासाठीच होती; ओसाना यांच्या मृत्यूनंतर (१९७७) ब्रायन कर्निगन यांनी तिला यंत्रनिरपेक्ष रूप दिले. तथापि ट्रॉफच्या खुणा मुख्यतः टंकाचा आकार, ओळींमधील अंतर इ. बाबींच्या असल्याने मजकुराची अंतर्गत रचना त्यांवरून कळत नसे. याउलट चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लॉरी यांनी आयबीएम कंपनीत १९६९ पासून रचनादर्शक खुणांची कल्पना विकसित केली. तिच्यातूनच पुढे एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले.

उदय व विकास : यूनिक्सच्या ट्रॉफमधील माहितीपुस्तिकांची देवाणघेवाण सुलभ व्हावी म्हणून हॅल कॉम्प्यूटर सिस्टिम्स व ओरायली या प्रकाशनसंस्थेने १९९१ मध्ये एसजीएमएलवर आधारलेली डॉकबुक पद्धती सिद्ध केली. पुढे तिचा सांभाळ डॅव्हनपोर्ट गटाने केला व १९९८ मध्ये ते काम ओॲसिस या मानकसंस्थेकडे आले. या काळात संहितेचे रूपांतर करण्यासाठी जेम्स क्लार्क यांची जेड ही आज्ञावली आणि नॉर्मन वॉल्श यांनी तयार केलेल्या नियमावल्या वापरीत. छापील रूपासाठी त्यांना टेक या अक्षरजुळणी प्रणालीची जोड द्यावी लागे.

एक्सएमएल हे एसजीएमएलचे सुटसुटीत रूप फेब्रुवारी १९९८ मध्ये व त्याच्या रूपांतरासाठीची एक्सएसएलटी ही भाषा नोव्हेंबर १९९९ मध्ये मान्य झाली. त्यानंतर डॉकबुकही एक्सएमएलकडे वळले. २००९ मध्ये मानक म्हणून मान्य झालेल्या ५.० आवृत्तीत त्याची संपूर्ण व्याख्या नव्याने बांधण्यात आली.

साधनांची जुळणी : डॉकबुकची संहिता कोणत्याही साध्या संपादकात लिहिता येते, परंतु तिच्यातून पुस्तक निर्माण करण्यास निदान चार साधने एकत्र असावी लागतात : संरचनेची व्याख्या, रूपांतराची नियमावली, ती अंमलात आणणारा प्रक्रियक आणि छपाईयोग्य पृष्ठे घडविणारी आज्ञावली. प्रक्रियकांपैकी मायकेल के यांचा सॅक्सन जावा भाषेत आहे, तर डॅनिएल व्हेयार यांचा एक्सएसएलटीप्रॉक सी भाषेत आहे. पृष्ठरचनेसाठी अपाची संस्थेचे एफओपी हे साधन रूढ झाले. तेही जावात असल्याने निरनिराळ्या कार्यप्रणालींवर चालते.

लिनक्सच्या वितरणांत ही साधने एकत्रित मिळत. विंडोजवर मात्र ती एकेक करून बसवावी लागत किंवा यूनिक्ससदृश वातावरण पुरविणाऱ्या सिग्विनचा आश्रय घ्यावा लागे. फाइलींचे मार्ग लिहिण्याची रीत दोन्हींकडे भिन्न असल्याने एका यंत्रावर बिनचूक चाललेली जुळणी दुसऱ्यावर मोडे. यावर उपाय म्हणून संहितेत महाजालावरील एकच स्थिर पत्ता लिहून, त्याची स्थानिक प्रत कोठे आहे हे प्रत्येक यंत्रावरील स्वतंत्र सूचीत नोंदविण्याची पद्धत पडली. ओॲसिसने २००५ मध्ये या सूचीचेही मानक ठरविले. अशा रीतीने यंत्रायंत्रांतील भेद संहितेबाहेर राहिला.

एक्सएमएलचा पाया युनिकोड असल्याने देवनागरीतील संहिता लिहिण्यास अडचण नव्हती. परंतु जोडाक्षरे आणि व्यंजनाआधी येणारी ऱ्हस्व वेलांटी पृष्ठावर यथायोग्य उमटविण्याची सोय एफओपीत १.१ या आवृत्तीपासून (२०१२) झाली.

परिणाम : मुक्त आज्ञावलींच्या माहितीपुस्तिका बव्हंशी स्वयंसेवक लिहितात. एखादे वाक्य सुधारण्यासाठी ही सर्व जुळणी करावी लागणे आणि सुमारे चारशे खुणांतून योग्य ती निवडणे, हे अनेकांना जड वाटे. स्टुअर्ट रॅकहॅम यांनी २००२ मध्ये सुरू केलेली ॲस्कीडॉक ही पद्धती मुळात डॉकबुकचेच लघुरूप होती. लिनक्सच्या गाभ्याचे प्रलेखन २०१६ पासून आणि फ्रीबीएसडीचे २०२१ मध्ये अशा सोप्या पद्धतींकडे गेले. पीएचपी व पोस्टग्रेएसक्यूएल यांची माहितीपुस्तिका मात्र डॉकबुकमध्येच राहिली. यांपैकी दुसरीची संहिता २०१७ मध्ये एसजीएमएलमधून एक्सएमएलमध्ये आणली गेली, तरी तिच्या फाइलींच्या नावांतील जुना प्रत्यय तसाच आहे.

या स्थित्यंतरांत जेडसारखी साधने मागे पडली, पण त्यांच्या साहाय्याने छापलेली संहिता निरुपयोगी झाली नाही. तिच्यातील खुणा अर्थदर्शक असल्याने त्यांचे नव्या पद्धतीत रूपांतर बव्हंशी यंत्रानेच करता येते. साधने बसविण्याचे कष्ट हे डॉकबुकच्या प्रसाराला बाधक ठरले. मात्र मजकुराचे आयुष्य ते घडविणाऱ्या यंत्राहून दीर्घ असावे, हा त्यामागील मूळ विचार टिकून राहिला.