भूत दिसलं की फोटो काढा

व्हिडिओ गेममध्ये भूत अंगावर आलं की खेळणाऱ्याच्या हातात काहीतरी हाणायचं साधन असणार, हे आपण धरूनच चालतो. बंदूक, कुऱ्हाड, गेला बाजार लोखंडी गज. डिसेंबर २००१ मध्ये जपानच्या टेक्मो कंपनीने प्लेस्टेशन २ साठी एक खेळ काढला, त्यात मिकू नावाच्या मुलीच्या हातात एक जुनाट कॅमेरा तेवढा होता. हरवलेल्या भावाला शोधत ती हिमुरो घराण्याच्या पडक्या हवेलीत शिरते आणि समोर येईल त्या भुताचा फोटो काढते. फोटो निघाला की भुताची ताकद घटते. जपानमध्ये या खेळाचं नाव ‘झीरो’, अमेरिकेत ‘फेटल फ्रेम’, युरोपात ‘प्रोजेक्ट झीरो’.

कल्पना वरवर पाहता हास्यास्पद आहे. भुताला फोटोने मारायचं म्हणजे काय? पण हिचं कूळ शोधायला लागलं की लक्षात येतं, टेक्मोच्या मंडळींनी ती हवेतून काढलेली नाही.

जपानमध्ये फोटोचे सुरुवातीचे धंदेवाईक स्टुडिओ १८६२ च्या सुमाराला उघडले, नागासाकीत उएनो हिकोमा यांचा आणि योकोहामात शिमोओका रेन्जो यांचा. यंत्राबरोबर धास्तीही आली. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, जीव त्या पेटीत ओढला जातो, तिघांनी मिळून काढला तर मधला आधी जातो. ‘तीन तिघाडा’ म्हणत वाढलेल्या आपल्या लोकांना हे पटायला वेळ लागू नये. गेममधला भुतांना खेचून घेणारा कॅमेरा ही याच धास्तीची उलटी बाजू आहे: जिवंत माणसाचा जीव ओढणारी पेटी मेलेल्याचा का ओढणार नाही?

त्याच दशकात तिकडे बोस्टनमध्ये विल्यम ममलर नावाचा कोरीवकाम करणारा माणूस गिऱ्हाइकांच्या फोटोत त्यांचे मेलेले नातलग ‘दाखवून’ पैसे कमावत होता. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. तो सुटला, आणि पुढे लिंकन यांच्या विधवा पत्नीचा, मागे अंधूक लिंकन उभे असलेला फोटोही त्यानेच काढला. एकाच काचेवर दोन चित्रं घेण्याची हातचलाखी, दुसरं काही नाही.

जपानी कहाणी मात्र नुसत्या हातचलाखीची नाही, तिला शोकांतिकेची किनार आहे. टोकियो इम्पीरियल विद्यापीठात फुकुराई तोमोकिची नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९१० मध्ये त्यांनी मिफुने चिझुको या तरुणीच्या अतींद्रिय दृष्टीचे प्रयोग केले. वर्तमानपत्रांनी आधी तिला डोक्यावर घेतलं, मग संशयाच्या फैरी झाडल्या. १९११ च्या जानेवारीत तिने विष घेतलं. नागाओ इकुको या दुसऱ्या बाईबरोबर प्रयोग करताना फुकुराईंना वाटू लागलं, की मनातली आकृती बंद फोटोकाचेवर आपोआप उमटते. त्यावर १९१३ मध्ये त्यांनी पुस्तक काढलं आणि पुढे त्यांना विद्यापीठ सोडावं लागलं. ‘रिंग’ या प्रसिद्ध कादंबरीतली आणि सिनेमातली शापित मुलगी याच प्रकरणाच्या सावलीत जन्मली. गेममधला कॅमेरा बनवणारे डॉ. आसो हे काल्पनिक विद्वान आहेत, पण परलोकाचा शोध यंत्राने घ्यायला निघालेला हा माणूस वाचताना मला दरवेळी फुकुराईच आठवतात.

मध्ये एक टप्पा मासिकांचा आणि टीव्हीचा. १९७४ मध्ये नाकाओका तोशिया यांचा भुताच्या फोटोंचा संग्रह निघाला आणि जपानी शाळकरी पोरांना वेड लागलं. सहलीच्या फोटोत खांद्यावर कुणाचा जास्तीचा हात दिसतो का, हे शोधायचं वेड. या पोरांमधलीच पिढी पुढे गेम बनवायला बसली.

गेमच्या बाजूची वंशावळ छोटी आहे. १९८९ मध्ये कॅपकॉमने कियोशी कुरोसावा यांच्या सिनेमावरून ‘स्वीट होम’ काढला. भुताटकीच्या बंगल्यातली चित्रं टिपायला गेलेली पाच माणसं, त्यातल्या एकाकडे कॅमेरा. त्याच बीजातून १९९६ चा ‘रेसिडेंट ईव्हिल’ आला आणि ‘सर्व्हायव्हल हॉरर’ हे नाव रूढ झालं. गोळ्या कमी, दारं बंद, शत्रू चिवट. टेक्मोचे निर्माते केइसुके किकुची आणि दिग्दर्शक माकोतो शिबाता यांनी हा साचा घेतला आणि त्यातली बंदूक काढून टाकली.

नुसतं शस्त्र बदललं असतं तर ती गंमत ठरली असती. इथे नियमच फिरला. बंदूक असली की राक्षसाला लांबूनच टिपावं, जमल्यास पाठ फिरवून पळावं, असं शहाणपण चालतं. इथे फिल्म मोजकी आणि भूत भिंतीतून येणारं. कॅमेरा डोळ्याला लावला की चाल मंदावते. आणि सर्वांत मोठा घाव कधी बसतो? भूत अगदी तोंडाशी येऊन झडप घालतं त्या क्षणी बटण दाबलं तर. म्हणजे जितकं घाबराल तितका वेळ बघत राहा, डोळे मिटलेत तर मेलात.

हे जपानी लोककथेच्या काळजालाच हात घालणारं आहे. त्या कथा शतकानुशतकं बजावत आल्या, बघू नकोस. ७१२ मधल्या ‘कोजिकी’ या ग्रंथात इझानागी हा देव मेलेल्या बायकोला आणायला पाताळात जातो, बजावलेलं असूनही दिवा लावून बघतो, किडे पडलेलं शरीर दिसतं आणि तो जीव घेऊन पळत सुटतो. शेवटी पाताळाच्या वाटेवर शिळा लोटून तो दोन जगं वेगळी करतो. हिमुरो हवेलीखाली असंच एक दार आहे आणि ते मिटलेलं राहावं म्हणून एका मुलीचा दोरांनी बांधून बळी दिला जातो. दोर म्हणजे शिंतो मंदिरांवर पवित्र जागेची सीमा दाखवणारा गवताचा जाड दोर, तोच इथे फास झालेला. हे वळण मला फार हुशारीचं वाटतं.

दुसरा भाग, २००३ चा ‘क्रिमसन बटरफ्लाय’, याहून सरस. त्यात जुळ्या बहिणी आहेत आणि एकीने दुसरीचा गळा दाबायचा विधी आहे. मागाहून जन्मलेलं जुळं थोरलं मानायचं, हा त्यातला नियम लेखकाने रचलेला नाही. जुन्या जपानमध्ये अशी समजूत खरोखर होती. १८७४ मध्ये सरकारने हुकूम काढून आधी जन्मलेल्याला थोरलं ठरवलं. गेममधलं गाव त्या हुकमाच्या बाहेरच राहिलेलं.

अमेरिकेतल्या डबीवर ‘सत्यकथेवर आधारित’ असं छापलं होतं. झालं, लोक टोकियोजवळ हिमुरो हवेली शोधू लागले, तिथे झालेल्या खुनांच्या हकिकती फिरू लागल्या. अशी हवेली असल्याचा पुरावा नाही. पण लोककथेवर बेतलेल्या खेळाने स्वतःच एक लोककथा जन्माला घातली, हे खरं.

कुळाची शाखा जपानबाहेरही गेली. बांडुंगच्या डिजिटल हॅपिनेस या इंडोनेशियन चमूने २०१४ मध्ये ‘ड्रेडआउट’ काढला. त्यात शाळकरी लिंडाच्या हातात स्मार्टफोन आहे आणि समोर कफनाच्या गाठी न सोडल्याने अडकलेलं पोचोंग हे भूत. खेळ म्हणून तो थोडा अडखळतो, पण भुतं अस्सल तिथलीच आहेत.

खेळून बघायचं असेल तर ‘झीरो’ मालिकेतले ‘मेडन ऑफ ब्लॅक वॉटर’ २०२१ मध्ये आणि ‘मास्क ऑफ द लुनार एक्लिप्स’ २०२३ मध्ये पीसीवरही आले आहेत. या दोहोंतला दुसरा जास्त चांगला. सुरुवात त्यानेच करा.