हॉस्पिटलपासून 100 मीटरवर जंगलात लाकडी घर: नॉर्वेनं हे का बांधलं?

'वुडन केबिन इन द फॉरेस्ट' म्हटलं की इन्स्टाग्रामवरचं रील डोळ्यासमोर येतं. धुकं, कॉफीचा मग, लाकडी डेक आणि खाली एका रात्रीचं भाडं. नॉर्वेतही असंच एक लाकडी घर आहे, पण तिथे चेक-इन करायचं तर आधी पेशंट असावं लागतं.

ऑस्लोमध्ये रिक्सहॉस्पिटालेट नावाचं मोठं हॉस्पिटल आहे. त्याच्या दारापासून साधारण 100 मीटरवर झाडी सुरू होते. तिथेच ओढ्याकाठी 2018 मध्ये हे घर उभं राहिलं. नाव फ्रीलुफ्तसिकेहुसे, म्हणजे मोकळ्या हवेतलं रुग्णालय. डिझाइन केलं स्नोहेटा या नॉर्वेजियन आर्किटेक्चर फर्मनं, ज्यांनी ऑस्लोचं प्रसिद्ध ऑपेरा हाऊसही बांधलंय. याच धर्तीचं दुसरं घर क्रिस्तियानसान शहरातल्या हॉस्पिटलजवळ, तळ्याच्या बाजूला आहे.

कल्पना पुढे आली ती लहान मुलांच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या डॉक्टर-मानसशास्त्रज्ञांकडून. महिनोन्‌महिने वॉर्डात राहणाऱ्या मुलांसाठी हॉस्पिटल हेच जग होऊन बसतं. तेच बेड, तेच मशीनचे आवाज, तोच वास. घरी जाता येत नाही आणि लांब फिरायला नेण्याइतकी तब्येत नसते. मग जंगलच 100 मीटरवर असेल तर?

आत काय आहे?

एकूण जागा फक्त 35 चौरस मीटर, म्हणजे पुण्या-मुंबईतल्या वन बीएचकेएवढीसुद्धा धड नाही. एक मुख्य खोली, बोलण्यासाठी किंवा उपचारासाठी एक छोटी खोली आणि बाथरूम. आतून सगळीकडे ओक लाकूड. रंगीत, मोठाल्या उशा आहेत. मुलं त्या रचून घर-घर खेळतात, नाहीतर त्यावर पडून छतातल्या गोल खिडकीतून झाडांचे शेंडे बघतात. बाजूच्या मोठ्या खिडक्या पूर्ण उघडता येतात, त्यामुळे ओढ्याचा आवाज थेट आत येतो.

बाहेरून घर वाकडंतिकडं आहे, पण प्रवेशाची जागा इतकी रुंद ठेवलीय की व्हीलचेअरच काय, हॉस्पिटलचा बेडही आत नेता येतो. बहुतेक 'निसर्गाच्या कुशीतल्या' कॉटेजना चार पायऱ्या चढूनच जावं लागतं, हे आठवलं की या एका दाराची किंमत कळते.

लाकडात राहून माणूस बरा होतो का?

इथे जरा जपून. या विषयात सगळ्यात जास्त सांगितला जातो तो रॉजर उलरिक यांचा अभ्यास. 1984 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो आला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या 46 पेशंटची त्यांनी तुलना केली. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

पण 46 हा आकडा छोटा आहे. शिवाय अभ्यास झाडं दिसण्याचा होता, लाकडी भिंतींचा नव्हता. त्यामुळे कुठलं रिसॉर्ट 'लाकडाची हीलिंग एनर्जी' विकत असेल तर तो दावा या अभ्यासावर उभा राहत नाही.

लाकडाचा एक फायदा मात्र अगदी साधा आहे. इंग्लंडमधल्या ओल्डहॅममध्ये 2017 साली कॅन्सर पेशंटसाठी मॅगीज सेंटर सुरू झालं. ते ट्यूलिपवूडच्या फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून केलेल्या पॅनलचं आहे आणि त्याच्या मधून एक बर्चचं झाड वर गेलंय. तिथल्या दारांचे हँडल धातूचे नाहीत, ओकचे आहेत. कारण केमोथेरपी चालू असताना काही जणांना थंड वस्तूला हात लावला तरी वेदना होतात.

पण लाकूड म्हणजे झाड तोडणंच ना?

हो. म्हणूनच 'लाकडी म्हणजे पर्यावरणपूरक' हे समीकरण इतकं सरळ नाही.

झाड वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं. सुक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. म्हणजे एक किलो सुकं लाकूड घरात टिकून राहिलं तर साधारण 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड तेवढा काळ हवेबाहेर राहतो. उलट सिमेंट बनवताना तो हवेत जातो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के धरला जातो.

पण हा हिशोब दोन गोष्टींवर टिकतो. तोडलेल्या झाडाच्या जागी नवं झाड वाढलं पाहिजे आणि घर ते वाढायला लागणाऱ्या वर्षांपेक्षा जास्त टिकलं पाहिजे. 10 वर्षांत कुजून जाळलं, तर कार्बन परत हवेत.

मग टिकवायचं कसं? ओस्लोच्या घराला बाहेरून रंग-पॉलिश नाही. उन्हानं लाकडातलं लिग्निन तुटतं, पावसात धुऊन जातं आणि लाकूड राखाडी होतं. हे कुजणं नव्हे, फक्त वरचा पापुद्रा बदलतो. कुजवणारी बुरशी लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला तर धरते. म्हणून खरा खेळ लाकूड जमिनीपासून उचलून ठेवण्याचा आणि खालून वारा खेळता ठेवण्याचा. जमिनीला कमी टेकल्यानं आजूबाजूच्या झाडांची मुळंही वाचतात.

नॉर्वेला हा धडा जुना आहे. तिथल्या सुरुवातीच्या लाकडी चर्चचे खांब थेट मातीत पुरले जायचे आणि कुजायचे. नंतर ते दगडी पायावर आले. बोर्गुंडचं असं चर्च साधारण 1180 पासून उभं आहे.

आपल्याकडे चालेल का?

तत्त्व आपल्यालाही नवं नाही. वाड्यांमधले सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभे असतात ते याचसाठी. पण सह्याद्रीतला पाऊस आणि वाळवी बघता नॉर्वेसारखी बिनपॉलिशची पाइनची केबिन इथे उचलून आणणं म्हणजे वाळवीला आमंत्रण. सागाच्या गाभ्याला वाळवी सहज लागत नाही, पण तो महाग आणि वाढायला अनेक दशकं घेणारा. बांबू काही वर्षांतच तोडणीला येतो. जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूला 2017 च्या कायदाबदलानं 'झाड' या व्याख्येतून वगळलं, त्यामुळे तो तोडणं आणि नेणं सोपं झालं. मात्र बांबूवर भुंगेऱ्याची प्रक्रिया केली नाही तर त्याचं पीठ होतं.

त्यामुळे महाबळेश्वरच्या किंवा कोकणातल्या एखाद्या 'इको' कॉटेजचं बुकिंग करताना फोनवर दोनच गोष्टी विचारून बघा: लाकूड कुठून आणलं आणि कॉटेजसाठी किती झाडं पाडली? एखादा मालक सांगेल की पाडलेल्या वाड्याच्या तुळया जुन्या लाकडाच्या वखारीतून आणल्यात. अशा लाकडासाठी नवं झाड पडलेलं नसतं.