राणीछाप रुपया आणि नाण्यांवरच्या राण्या

बँकेत असताना आयुष्यभर नाणी मोजली, पण नीट पाहिली कधीच नाहीत. निवृत्तीनंतर नाण्यांच्या प्रदर्शनांना जायला लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. नाण्यांवर राजे ढिगाने, राण्या मात्र मोजक्याच.

रोमन बादशहांच्या बायकांची नाणी हौसेने जमवणारे लोक जगभर आहेत. बादशहा अँटोनायनस पायसची पत्नी फॉस्टिना इ.स. १४० च्या सुमारास वारली. त्याने तिला देवीचा मान दिला आणि पुढे कितीतरी वर्षे तिच्या चेहऱ्याची नाणी पाडली. डोक्यावर चढवलेल्या वेण्यांच्या अंबाड्यावरून ती चटकन ओळखू येते.

रोमन नाणी व्यापारातून भारतातही पुष्कळ आली, विशेषतः दक्षिणेत. त्यांत बादशहा तिबेरियसची चांदीची नाणी खूप सापडतात. त्यांच्या मागच्या बाजूला बसलेली स्त्री म्हणजे त्याची आई लिव्हिया, असे बरेच अभ्यासक मानतात. काही रोमन सोन्याच्या नाण्यांना भोक पाडलेले किंवा कडी लावलेली दिसते. म्हणजे आपल्या बायकांनी ती चक्क गळ्यात घातली! पुतळ्यांची माळ आठवा.

आता आपल्या जवळची राणी. कल्याण बंदरातला माल नाणेघाट चढून जुन्नरला जात असे. त्या घाटातल्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरला गेला. त्यात यज्ञांची आणि दान दिलेल्या हजारो कार्षापणांची, म्हणजे नाण्यांची, नोंद आहे. लेण्यात राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज उरली आहेत ती फक्त पावले आणि वरची नावे. तिथे 'देवी नायनिका' हे नाव आधी आहे आणि राजा सातकर्णीचे नंतर. ह्या दोघांची नावे असलेले चांदीचे नाणेही अभ्यासकांनी प्रसिद्ध केले आहे. चेहरा गेला, पण नाव राहिले.

अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ अशी जवळजवळ अठ्ठावीस वर्षे कारभार केला. पण त्यांच्या नाण्यांवर ना त्यांचा चेहरा, ना त्यांचे नाव. आहे ते शिवलिंग आणि बेलाचे पान.

आणि जिने हिंदुस्थान कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्या व्हिक्टोरियाचा चेहरा मात्र आपल्या घराघरांत पोचला. तोच राणीछाप रुपया! वजन ११.६६ ग्रॅम, चांदी सुमारे ९२ टक्के. १८४० पासूनच्या रुपयांवर 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' म्हणजे सम्राज्ञी असे लिहिलेले असते. एवढ्या एका शब्दात किताब बदलल्याचा इतिहास आहे.

माझ्या आईकडे असे पाच रुपये होते. तिला ते तिच्या आजीने दिले होते आणि दर लक्ष्मीपूजनाला ते पाटावर मांडले जात. माझ्या मुलीच्या बारशाला मीच ते सोनाराकडे नेले आणि आटवून वाळे करून आणले. चांदीचा भाव तेवढा बघितला. आई एवढेच म्हणाली, "बघ बाबा, तुला योग्य वाटेल तसं." त्यांवर 'क्वीन' होते की 'एम्प्रेस', साल कोणते होते, काही पाहिले नाही. आईच्या आजीचे नावही विचारायचे राहून गेले. आता सांगणारे कोणी नाही. वाळे आहेत, गोष्ट गेली.

म्हणून ह्या रौप्यमहोत्सवी वर्षात सर्व सभासदांना एक विनंती. यंदा लक्ष्मीपूजनाला डबी उघडाल, तेव्हा जुनी नाणी चिंच-मीठ लावून घासू नका. त्याने नाण्याचे रूप आणि मोल दोन्ही जाते. साल वाचा. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, हे कोणाकडून आले? मग एका चिठ्ठीवर तिचे नाव लिहून ती डबीत ठेवा. राणीचे नाव नाण्यावर आहेच, तुमच्या पणजीचे तेवढे लिहायचे आहे.