सायनसमुळे गेलेला वास परत येतो का?

दीपनगरला हिवाळ्यात घरोघरी भरताची वांगी भाजली जातात. पण सायनसच्या जुन्या रुग्णाला तो खमंग वास येत नाही, आणि गॅस गळतीचाही नाही! "डॉक्टर, वास कायमचा गेला का?" या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते.

1893 मध्ये न्यूयॉर्कचे कॉल्डवेल आणि 1897 मध्ये पॅरिसचे ल्यूक यांनी वरच्या ओठाखालून हाडाला छिद्र पाडून गालाचे सायनस साफ करण्याची पद्धत सांगितली. त्यात आतले अस्तरही खरवडून काढत. पुढे ऑस्ट्रियातील ग्राझचे डॉ. मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून पाहिले, की अस्तरावरचे सूक्ष्म केस शेंबूड ठरावीक वाटेनेच बाहेर ढकलतात. ती वाट बुजली की सायनस तुंबते. म्हणून 1985 पासून अमेरिकेत डॉ. केनेडी यांनी रुजवलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे सूत्र झाले: वाट मोकळी करा, अस्तर जपा.

वासाच्या पेशी नाकाच्या छताशी असतात. सूज किंवा कोंब (पॉलिप) यांमुळे हवा तिथे पोहोचत नाही. त्यामुळे मिठाच्या पाण्याने नाक धुणे, स्टिरॉइडचा स्प्रे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांनी अनेकांचा वास परततो. मात्र जुन्या सुजेने पेशींनाही इजा होते. तेव्हा वेळ लागतो, कधी पूर्ण यश येत नाही.

2009 मध्ये जर्मनीत डॉ. हुमेल यांनी गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग हे वास रोज दोनदा, 12 आठवडे हुंगण्याचा सराव तपासला. काहींना फायदा झाला. लवंग तर आपल्या मसाल्याच्या डब्यातच आहे.

एकाच नाकपुडीचा त्रास किंवा रक्त असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.