आत्रेयीनें आश्रम कां सोडला?

गोंदिया जिल्ह्यांत आमगांवजवळ पदमपूर नांवाचें एक लहानसें गांव आहे. भवभूतीनें आपल्या पूर्वजांचें स्थान म्हणून विदर्भांतील ज्या पद्मपुराचा उल्लेख केला आहे, तें हेंच होय, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादन केलें आहे. आठव्या शतकांतील या कवीचें नांव निघालें कीं आपणांस करुणरस आठवतो. परंतु आपल्याकडील शाळांच्या इतिहासाचा विचार करणारानेंही त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या दुसऱ्या अंकाचा आरंभ अवश्य वाचावा.

तेथें आत्रेयी नांवाची एक तापसी वनदेवता वासंतीला भेटते. वाल्मीकींचा आश्रम सोडून ती अगस्त्यादि ऋषींकडे वेदान्त शिकावयास दंडकारण्यांत आली आहे. एवढा थोर गुरु सोडून ही पायपीट कशासाठीं, असें वासंती साहजिकच विचारते. आत्रेयीचें उत्तर सरळ आहे. आश्रमांत कुश आणि लव हीं दोन बालकें आहेत. त्यांची बुद्धि इतकी तीव्र कीं, त्यांच्या जोडीनें आमच्यासारख्यांचें अध्ययन चालणें अशक्य. शिवाय गुरुजी आतां रामायणाच्या रचनेंत गढून गेले आहेत. गुरूवर पक्षपाताचा आळ ती घेत नाहीं. गुरु सर्वांस सारखेंच देतो, फळ मात्र सारखें येत नाहीं, एवढेंच तिचें म्हणणें.

आत्रेयीला कोणीं हांकलून दिलें नव्हतें. तरी ती गेली. शाळेचें दार सर्वांसाठीं उघडें असलें म्हणजे आंत आलेल्या प्रत्येकास ती शाळा आपली वाटतेच असें नाहीं. आपल्या शाळांचा गेल्या दीडशें-पावणेदोनशें वर्षांचा इतिहास याचीच साक्ष देतो.

इंग्रजी अमदानींत सरकारी शाळेचें दार कायद्यानें उघडलें. पण साताऱ्याच्या शाळेंत बाल भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळें बसावें लागे, आणि शिपाई हजर नसला तर तहान मारून राहावें लागे. पटावर नांव होतें. वर्गांत जागा नव्हती.

हें दुखणें जोतीराव फुल्यांनीं त्यापूर्वींच ओळखलें होतें. 19 ऑक्टोबर 1882 रोजीं त्यांनीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन सादर केलें, त्यांत केवळ शाळा वाढवा एवढीच मागणी नाहीं. प्राथमिक शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतील असावे, असा त्यांचा आग्रह आहे. कारण असा शिक्षक प्रसंगीं नांगराची मूठ धरावयास लाजणार नाहीं आणि मुलांत व त्यांच्या आईबापांत सहज मिसळेल. याहून विशेष म्हणजे त्यांनीं शिक्षकाचीही चिंता वाहिली. त्याचें वेतन दरमहा 12 रुपयांहून कमी नसावें, गांवचे हिशेब तपासणें, दस्त नोंदणें किंवा टपाल सांभाळणें अशीं कामें देऊन त्यास ग्रामव्यवहारांत स्थान द्यावें, असें त्यांनीं सुचविलें. जो स्वतः गांवांत उपरा, तो मुलांस शाळेंत घरचें कसें वाटूं देणार, हें त्यांतील मर्म.

शिक्षकाचें उपरेपण किती क्रूर असूं शकतें, हें नागपुरच्या जाईबाई चौधरी यांच्या चरित्रांत दिसतें. मोलमजुरी करणारी ही दलित स्त्री शिकली आणि एका मिशनच्या शाळेंत शिक्षिका झाली. तिची जात कळतांच सवर्ण पालकांनीं मुलें पाठविणें थांबविलें, आणि नोकरी गेली. जाईबाईंनीं 1922 सालीं नागपुरांत मुलींसाठीं स्वतःच संत चोखामेळ्याच्या नांवाची शाळा काढली. दोनच वर्षांनीं साताऱ्यांत भाऊराव पाटलांनीं वसतिगृह उघडलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहूं व जेवूं लागलीं. त्या मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं मंगळसूत्रही मोडलें. आपलेपणाचा उपदेश करण्याऐवजीं भाऊरावांनीं एक पंगत मांडली.

आतां पुन्हां गोंदियाकडे येऊं. 1 मे 1999 रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेवर वसला आहे. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी अशा अनेक बोली येथें एका बाजारांत ऐकूं येतात. देवरी-सालेकसा भागांतील गोंडी बोलणारें मूल घरीं पाण्याला 'येर' म्हणतें. तोच शब्द वर्गांत हंशाचा विषय झाला, तर पहिल्याच दिवशीं तें मूल मनानें परत जातें. आणि दूरच्या जिल्ह्यांतून बदलून आलेल्या गुरुजींना तो शब्द कोणीं शिकवलाच नसेल, तर त्यांचीही स्थिति फारशी निराळी नसते. मातृभाषेंतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचें कर्तव्य 1956 च्या दुरुस्तीनें राज्यघटनेंत लिहिलें गेलें. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें मूल भयमुक्त असावें असेंही सांगितलें. पण कायद्याचें कलम मुलाशीं बोलत नाहीं; गुरुजी बोलतात. त्यांनीं एकदां 'येर' म्हणून पाहावें, आणि गांवानें त्यांना आपल्या ओसरीवर बोलवावें.

या मासिकाचे वाचक आपण बहुधा लव-कुशांचे आईबाप आहों. मुलाचा नंबर विचारणें आपणांस चांगलें अंगवळणीं पडलें आहे. त्याच्या वर्गांतून यंदा कोण नाहींसें झालें, आणि कां, हेंही त्याला एकदां विचारावें. भवभूतीच्या नाटकांत निदान वासंतीनें तरी आत्रेयीला विचारलें होतें.