टाकीतला वायू वजनानेच का मोजतात?

अमेरिकेत अंगणातल्या शेगडीला जोडतात ती प्रोपेनची टाकी ‘वीस पौंडी’ म्हणून ओळखली जाते. भरलेली टाकी काट्यावर ठेवली, तर वजन सुमारे ३७ पौंड भरते. त्यातले १७ पौंड लोखंडाचे. शिवाय ‘भरलेल्या’ या टाकीत जवळजवळ एक-पंचमांश जागा द्रवाविना मोकळीच असते. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१९१० साली पिट्सबर्ग येथे, खाणींविषयीच्या सरकारी संस्थेतील रसायनतज्ज्ञ वॉल्टर स्नेलिंग मोटारीच्या पेट्रोलची तपासणी करत होते. साठवलेले पेट्रोल आपोआप घटते, अशी तक्रार होती. नमुन्याच्या बाटलीचे बूच राहून राहून उडे, असे सांगतात. पेट्रोलमध्ये मिसळलेले प्रोपेन, ब्यूटेन हे हलके घटक वायू होऊन निसटत होते. स्नेलिंग यांनी ते वेगळे करून दाबाखाली द्रवरूपात साठवण्याची रीत शोधली. १९१३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले.

प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो. नेहमीच्या तापमानाला तो द्रवरूपात ठेवायचा, तर वातावरणाच्या सुमारे आठपट दाब लागतो. या द्रवाच्या एका लिटरपासून सुमारे २७० लिटर वायू मिळतो. म्हणूनच एवढ्याशा टाकीत पुष्कळ इंधन मावते.

पण ते मोजायचे कसे? दाबमापक येथे उपयोगी नाही. टाकीत द्रवाचा थोडा जरी अंश शिल्लक असला, तरी दाब तापमानावरच ठरतो. अर्धी टाकी आणि पाव टाकी सारखाच दाब दाखवतात. आकारमानही फसवे, कारण हा द्रव उन्हाने बराच प्रसरण पावतो. वस्तुमान मात्र बदलत नाही.

म्हणून टाकीवर दोन आकडे कोरतात : रिकाम्या टाकीचे वजन आणि तीत मावणाऱ्या पाण्याचे वजन. वीस पौंडी टाकीत ४७.६ पौंड पाणी मावते. त्याच्या ४२ टक्के, म्हणजे २० पौंड प्रोपेन भरायचा, असा नियम आहे. उरलेली जागा प्रसरणासाठी असते. ती न ठेवली आणि टाकी उन्हात तापली, तर द्रव टाकी काठोकाठ भरतो. मग सुरक्षा-झडप उघडून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. भरणाऱ्याच्या हलगर्जीपणावर उपाय म्हणून झडपेला तरंगा जोडण्यात आला. तो द्रवाबरोबर वर चढतो आणि ठरावीक पातळीला भरणे बंद करतो. एप्रिल २००२ पासून अमेरिकेत अशी झडप नसलेल्या लहान टाक्या पुन्हा भरण्यास मनाई झाली.

आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये ३३.३ लिटर पाणी मावते आणि त्यात १४.२ किलो वायू भरतात. विद्यार्थ्यांना हा भागाकार करायला सांगावा. उत्तर ४३ टक्क्यांच्या आसपास येईल. मग सिलिंडरवर कोरलेले रिकामे वजन वाचून, भरलेला सिलिंडर किती किलो भरायला हवा, हे विचारावे. घरी आलेला सिलिंडर काट्यावर तोलून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. वजन कमी भरले तर पैसे जातात; जास्त भरले तर धोका घरात येतो.